टाचेवरची गाठ

माझं लग्न जुळलं ते टाच पाहून. खोटं नाही सांगत. आत्या, म्हणजे बाबांची सख्खी बहीण, मला तिच्या मुलासाठी मागायला भिवापूरहून आली, पाटावर बसली अन् माझा पाय सरळ मांडीवर घेतला. टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेवर, आमच्या घरात पुष्कळांना एक टणक गाठ असते. तिला होती, बाबांना होती. माझी तिनं अंगठ्यानं दाबून पाहिली अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "पाहा, आमच्याच घरचं रक्त हाय! मामाची पोरगी हक्काची. काठी मारून पाणी तुटते का कधी?" बाबा खूश झाले. त्याच वर्षी खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये ड्यूटीवर त्यांची छाती दुखली अन् ते गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. लोक म्हणाले, नजर लागली. गाठीचं नाव कोणी घेतलं नाही.

आम्हाला मुलगी झाली. चालायला लागली तशा तिच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, बोटांच्या बेचक्यांत पिवळ्या गाठी उठल्या, भिजवलेल्या चणाडाळीएवढ्या. आत्यानं पेढे वाटले, पेढे! "माय वं, हिले तर खानदानाची खूण भरभरून भेटली!" आग लागो त्या खुणेला.

शाळेत जायला लागली तर जिना चढताना पोर छातीवर हात धरून थांबायची. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी गाठी पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर आधी माझी टाच पाहिली, मग नवऱ्याची, अन् विचारलं, "नात्यात लग्न का?"

मग सावकाश समजावून सांगितलं. रक्तातली चरबी एकटी फिरत नाही, प्रोटीनच्या पाठीवर बसून फिरते. ती उतरवून घ्यायला लिव्हरला दारं असतात. आम्हा दोघांची अर्धी दारं जन्मापासून बंद. अर्ध्यांवर आमचं कसंबसं भागत होतं. पोरीला दोघांकडून नेमकी बंद दारंच मिळाली. मग ती चरबी जाणार कुठं? कातडीखाली साचली ती दिसत होती. हृदयाच्या नळ्यांत साचली ती दिसत नव्हती.

"अन् औषध?" नवऱ्यानं विचारलं.

"हिला पुरेल असं आज तरी नाही," डॉक्टर म्हणाले.

मला त्या माणसाचा राग आला. घरी येईपर्यंत तो सगळा आत्यावर गेला. उंबऱ्यातूनच ओरडले, "घे, वाट आता पेढे! तुझ्या खानदानाच्या खुणेनं माझी लेक मरून राहिली!" गाठीनं कोणी मरतं हे आत्याच्या डोक्यातच शिरेना.

तूप बंद, अंडं बंद, तर्री बंद. पोर पाण्यात शिजवलेली भाजी मुकाट गिळायची. "आई, मी बरी झाली का मले तूप-पोळी देशीन?" विचारायची. देईन म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? गाठी तर वाढतच होत्या. रोज तिची वेणी घालताना वाटायचं, इतके लांब केस कशाला वाढवून राहिले मी.

चौथीत होती. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. मी भांडी घेऊन मागे गेले तर न्हाणीतून खरखर ऐकू आली. आत्या दगडावर बसून पाय घासायच्या वज्रीनं टाच घासत होती. गाठीवरची कातडी सोलून निघाली होती, मोरीतलं पाणी लाल झालं होतं. माझ्या तोंडात शिवी आली होती, खरंच आली होती. तिनं मान वर केली.

"निघून नाही राहिली वं," ती म्हणाली.