मागावरची उरलेली टोकं

बी.एस्सी.ला असताना मी गावोगाव विज्ञान प्रदर्शनं भरवायचो. पत्रकं मीच लिहायचो. लोकांना अडाणी म्हणायची मला हौस होती, हे सरळ कबूल करतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मला गुणसूत्राचं टोक दाखवायचं होतं, टेलोमिअर. डीएनएच्या सहा अक्षरांचा एकच तुकडा तिथे हजारो वेळा येतो. शरीर घडवायची एकही सूचना त्यात नसते. पेशी दुभंगताना गुणसूत्राची नक्कल होते, पण ती पार शेवटापर्यंत पोचत नाही. दर खेपेला थोडं टोक झिजतं, आतला मजकूर शाबूत राहतो. टोकच संपलं तर पेशीचं दुभंगणं थांबत असावं, असा तेव्हाचा कयास.

मॉडेलला दोरा हवा होता. आंधळगावच्या आमच्या घरी कोशाच्या रेशमाचं कापड विणून उतरवलं होतं आणि मागाच्या फणीत, जिच्या फटीफटीतून एकेक उभा दोरा जातो, हातभर ताणा लोंबत होता. तेवढा विणता येत नाही, म्हणजे फेकायचाच, असं मी ठरवलं. कोष्ट्याच्या पोटी जन्मून एवढी अक्कल. सगळे दोरे ओढून काढले, तुकडे केले, रंगवले, पुठ्ठ्यावर चिकटवले.

प्रदर्शन आटोपून घरी आलो तर बाबा नवा ताणा घेऊन मागापाशी उभे.

"टोकं कुठं गेली बे?"

"मॉडेलले लावली. बेकारच तर होती."

"बेकार." बाबा मायकडे वळले. "पोरगा शिकून राहिला नं."

माय म्हणाली, "अरे, नवा ताणा त्यालेच तर सांधतो आमी, दोऱ्याले दोरा पिळून. आता फणीत एकेक नव्यानं ओवाचा म्हणजे डोळे पायजेत. याईचे गेले, माहे गेले. ओवणारा होता तो नागपूरले गिरणीत गेला. तुले येते काय?"

येत नव्हतं. तरी तीन दिवस ओवत बसलो. एक दोरा चुकला की पुढचे सगळे चुकतात, आणि माझा कितवा चुकला तेही मला सापडेना. बाबा बाजूला बसून बिडी ओढत होते.  

चौथ्या दिवशी त्यांनी ताणा खांद्यावर टाकला आणि शेजारच्या काकांना त्यांच्या मागासाठी देऊन आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याचकडे मजुरीनं आडव्या दोऱ्याच्या कांड्या भरायला जाऊ लागले.

"मंग माग ठेवाचा काय?" मायनं जेवताना विचारलं.

"कायले? जागा अडवून राहिला," बाबा म्हणाले आणि भात मागितला.