मोकळं टोक

बारामतीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. कांद्याची ट्रॉली असो नाहीतर लग्नाचा मांडव, झाकून करकचून बांधायचं काम आमचं. अब्बांनी मला हिशेबाच्या आधी गाठ शिकवली. दोराचं टोक कुठं लोंबताना दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. "हे शेपूट कुणासाठी सोडलंय? बांध ते!" की मी बांधायचो. चाळीस वर्षं झाली, आजही कुठल्या ट्रकचं टोक वाऱ्यावर फडफडताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या परक्या गाड्यांच्या दोऱ्यासुद्धा मी बांधल्या आहेत. लोक हसतात. हसू देत.

माझा थोरला भाई नौदलात होता. तिथं तो शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरायचा. निवृत्त होऊन घरी आला तो टेम्पोत एक जुनी होडी घालून, एका माणसापुरती. इंदापूरच्या पुढं, उजनीच्या फुगवट्यावर मासे धरणारे एक तात्या होते, त्यांच्या झोपडीशेजारी ती ठेवली. सगळ्या गल्लीनं त्याला येड्यात काढलं, आणि सगळ्यांत पुढं मी होतो. "अरे, लोकं जमीन घेत्यात, तू होडी घेतलीस?" भाई नुसता हसायचा. दर रविवारी पहिल्या एसटीनं इंदापूर गाठायचा आणि संध्याकाळी नाक भाजून घरी यायचा. इतका खूश माणूस मी आमच्या घराण्यात दुसरा पाहिला नाही.

मग त्याला लकवा मारला. डावा हात गेला तो गेलाच. पाय काठीच्या आधारानं चालता झाला. पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येईना. भाभीकडून बांधून घ्यायची त्याला लाज वाटायची, म्हणून दुकानाला जायच्या आधी रोज सकाळी मी जाऊन बांधायचो. तो भिंतीकडं बघत उभा राहायचा. मीही खालीच बघायचो.

वर्षभरानं असाच उभा असताना म्हणाला, "मला एकदा होडी घिऊन जायचंय. एकट्याला. तेवढं जमलं तर मी अजून माणसात हाय म्हनायचं. न्हायतर मग बसतो ह्या खाटंवर."

मी म्हणालो, "भाई, डोकं ठिकाणावर हाय का?"

"डोक्याला काय झालं न्हाय. हात गेलाय. तुजं दोन हात दे मला चार दिवस."

दिले. दोन रविवार आणि दोन सुट्ट्या आम्ही तात्यांच्या झोपडीपुढं काढल्या. भाई पालथ्या घमेल्यावर बसून हुकूम सोडायचा, मी दोर ओवायचो. एवढ्याशा होडीला दोर किती! एक शीड वर चढवायचा, एक त्याची खालची कड ताणायचा, एक शिडाखालचा आडवा दांडा दाबून धरायचा. सगळे कप्प्यांवरून फिरवून उजव्या अंगाला आणायचे होते. मी चुकलो की भाई काठी आपटायचा. "उलटं! उलटं ओवलंस! चाळीस वर्षं काय गवत उपटलं काय?" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं, कारण लकव्यानंतर तो पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडत होता.

सगळ्यांत महत्त्वाचा शीड आत-बाहेर करायचा दोर. उजव्या हातात सुकाणू, मग हा दोर धरायचा कशानं? त्यासाठी दाते असलेला एक चिमटा होता. दोर त्यात दाबला की अडकून बसायचा, वर झटका दिला की सुटायचा.

"नीट ऐक," भाई म्हणाला. "वारा एकदम अंगावर आला की ह्यो दोर सोडायचा. शीड ढिलं पडतं, होडी सावरती. न्हाय सुटला तर होडी उलथली. म्हनून ह्येचं टोक कुठंबी बांधायचं न्हाय. पायाशी मोकळं पडू दे."

"नुसतं मोकळं?"

"व्हय, मोकळं. तुजी ट्रॉली न्हाय ही."

होळी होऊन गेली होती. जायच्या दिवशी सकाळी पाणी शांत होतं. भाईनं लाईफ जॅकेट घातलं, तात्यांनी आणि मी त्याला उचलून होडीत बसवलं. तात्या त्यांची नाव आणायला वळले. मी शेवटचं सगळं चाचपून बघत होतो. ते टोक भाईच्या अधू पायाशी पडलं होतं. चिमट्याचे दाते जुने, झिजलेले. दोर निसटला तर? एका हाताचा माणूस, तो धरणार कशानं? खोटं कशाला सांगू, विचार एवढाच केला, आणि तोही अर्धाच. बाकीचं हातांनी केलं. डाव्या बाजूला, भाईची नजर जात नाही तिथं, एक कडी होती. टोक तिच्यात घातलं आणि आमची ट्रॉलीची गाठ मारली. ताण पडेल तशी घट्ट होत जाणारी. सोडायला दोन हात लागतात.

भाई निघाला. शीड भरलं आणि होडी अशी सरळ गेली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मग पाण्यावर काळपट पट्टा सरकत आला. वारा.

"दोर सोडा! भाई, दोर सोडा की!" तात्या नावेतून ओरडत होते. भाईचा हात वर गेलेला मी काठावरून पाहिला. झटका दिलेला पाहिला. दोर वीतभर सरकला आणि थांबला. त्यानं परत ओढला. होडी कलत गेली, शीड पाण्यावर आडवं झालं आणि भाई त्याच्याखाली गेला.

तात्यांनी त्याला ओढून काढलं. छातीत पाणी गेलं होतं, आठ दिवस बारामतीच्या दवाखान्यात होता. होडी काठाला आणली तेव्हा मी खिशातल्या चाकूनं ती गाठ कापली आणि पाण्यात टाकली. कुणी बघितलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाई एकच सांगायचा. "दोर सोडायचा हुता, सुटला न्हाय. उजव्या हातातबी जोर न्हाय ऱ्हायला आता." मी शेजारी बसून मोसंबी सोलत असायचो. घरी आल्यावर त्यानं होडी तात्यांना देऊन टाकली. त्यांनी शिडाचं कापड झोपडीवर घातलं, डोलकाठी मोडीत गेली. भाई खाटेवर बसला तो बसला. उजवा हातही वापरेना, पाण्याचा पेला भाभीनं तोंडाला लावावा लागायचा. आणि मी भेकड माणूस, रोज सकाळी जाऊन नाडी बांधत होतो.

एकदा पोटात कळ आल्यावर नाडीची गाठ सुटेना आणि त्याची फजिती झाली. त्या दिवसापासून मी सुरगाठ मारू लागलो, एक टोक ओढलं की सुटणारी. "ओढून बघ," मी म्हणालो. भाईनं नाइलाजानं उजव्या हातानं ओढली. सटकन सुटली. मी परत बांधली. त्यानं परत ओढली, सुटली. तिसऱ्यांदा त्यानं नाडी ओढून धरली, ती माझ्या हातातूनही हिसकून घेतली, आणि आपल्या मुठीकडं बघत राहिला.

"जोर तर हाय," तो म्हणाला. "मग तितं का न्हाय सुटला?"

मला थापा मारता आल्या असत्या. तोंडातून निघालं, "टोक मी बांधलं हुतं, भाई. कडीला."

त्यानं मूठ सैल केली. मग नाडी माझ्यापुढं धरली. मी बांधली, आणि दुकानाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर भाई भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि नाडी भाभी बांधत होती.