नंदेश्वर सर आणि गेरूची वाटी

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी मी आसगावहून पवनीला बी.एस्सी. शिकायला येऊ लागले. जीवशास्त्राला नंदेश्वर सर होते. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "घरात चोर शिरला आणि घरधन्याने आतून कडी लावून घरच पेटवलं, तर वाचलं कोण?" "गाव," मी म्हणाले. तेवढ्यावर सरांनी माझं नाव लक्षात ठेवलं.

विषाणू शिरलेली पेशी अशीच स्वतःला संपवते, म्हणून शेजारच्या वाचतात. पण नागीण या रोगाच्या घराण्यातले विषाणू मोठे पोचलेले. ते स्वतःची प्रथिने बनवून पेशीचा हा आतला हुकूमच अडवतात. पेशी मरत नाही आणि विषाणूचं फावतं. लहानपणीच्या कांजण्या बऱ्या होतात, त्यांचा विषाणू मात्र मज्जातंतूंच्या पेशींत जन्मभर दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. "मरू न देणं म्हणजे दरवेळी माया नसते," असं सर सांगत.

हा धडा मला तोंडपाठ होता. तरीही आईच्या कपाळावर नागीण उठली तेव्हा गेरूची वाटी धरून मीच उभी होते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू नये म्हणून आमच्याकडे तिच्याभोवती गेरू लावतात. चार दिवस तसेच गेले. मी वर्गात दिसेना म्हणून सर चौकशी करत घरी आले आणि आईला स्कूटरवर बसवून भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. पण नागीण डोळ्यात उतरली होती, आईचा डावा डोळा गेलाच. सर मला एवढंच म्हणाले, "काहून रडून राहिली? गावाले मालूम नव्हतं. मी कालेजात बसून राहिलो, चूक माही हाय." त्यानंतर दर उन्हाळ्यात त्यांनी कोंढा, आसगाव पालथं घातलं. गेरू नको, तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठा, हे सांगत ते दारोदार फिरले. लोक चेष्टेने त्यांना 'गेरूवाले मास्तर' म्हणत. सर हसत.

यंदा सरांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि यंदाच त्यांच्या कपाळावर नागीण उठली. ते पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेले. औषधाची एक वेळ चुकली नाही. तरी उजव्या डोळ्याची नजर गेली. पुरळ सुकलं, पण कपाळाची आग थांबत नाही. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. सगळं वेळेवर करूनही हे वाट्याला आलं, याचा मला संताप येतो आणि तो काढावा कुणावर, हे कळत नाही.

मागच्या आठवड्यात भेटायला गेले, तर सर म्हणाले, "पोरी, गेरू कालव."

"गेरू? तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यानं काई होत नाई, मले मालूम हाय. पन घडीभर थंडं वाटते."

मी गेरू कालवला. कापसाने अलगद त्यांच्या कपाळावर लावला. हे गौरवग्रंथात लिहू का, असं विचारलं.

"लिही. लोकायले सांग, दवाखान्यातच जा. मास्तर हरला तरी धडा खरा हाय."

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. या वेदनेसोबतची शंभर वर्षे सरांसाठी मागायला माझं मन धजत नाही. आधी त्यांचं कपाळ शांत होवो, मग हवी तेवढी वर्षे त्यांना मिळोत. गेरूची वाटी मी घासून सरांच्या फडताळात मागे ठेवली आहे. ती पुन्हा काढावी लागू नये.