भाभी, पपी मिल गया!

घरात कॉम्प्युटर आला की आधी फायली साठतात, मग धूळ साठते आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी किस्से साठतात. फायली उडून जातात, धूळ फडक्याने पुसता येते. किस्से मात्र कुणी समोर चहा घेऊन बसलं की आपोआप उघडतात!

आम्ही चौघं होतो. मी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. माझी बायको मीना घरी टायपिंगची कामं घ्यायची. कुणाचा प्रबंध, कुणाचा प्रोजेक्ट, कुणाच्या मुलीचा बायोडेटा. इक्बालभाईंचं कल्याण नाक्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आणि चौथे बळीरामदादा पाटील, अंजूरचे. त्यांच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं आणि त्या गोडाऊनच्या ऑफिसात बसून बसून दादा कॉम्प्युटर शिकले. रविवारी सकाळी चौघांची बैठक आमच्या घरी, त्या मशीनभोवती.

मशीन जुनं होतं. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, इक्बालभाईंनीच आणून दिलेलं. त्यावरची नेहमीची सिस्टीम सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की मीना बटण दाबून कुकर लावायला जायची. शिट्ट्या आधी व्हायच्या! त्यात व्हायरस. एकदा एका मुलीच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण गेलं. मीना पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करायला बसली. त्याच दिवशी आम्ही ठरवलं की दुसरी सिस्टीम शोधायची. हलकी हवी, भरवशाची हवी आणि कुणाची चोरून घेतलेली नको.

*

इक्बालभाई म्हणाले, "सर, लिनक्स डालते हैं. खुला है, सबका है." कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी फुकट यायच्या तेव्हा. त्यांच्याकडे चळतच होती. त्यातली सगळ्यात देखणी, सगळ्यात मोठी आम्ही निवडली. नव्या माणसाचं असंच होतं, ताट भरलेलं दिसलं की भूक आहे की नाही ते विचारत नाही.

एक सीडी संपली की मशीन दुसरी मागायचं. दुसरी दिली की तिसरी. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरसर वर जात होत्या. मीना मागून म्हणाली, "अहो, हा बोर्डाचा निकाल लागतोय का?"

शेवटी एकदाचं चित्र आलं. सुंदर निळं चित्र. मी माउस हलवला. बाण हलला नाही. आतला पंखा मात्र धापा टाकायला लागला. थोड्या वेळाने बाण हलला, तोवर मी माउस सोडून दिला होता!

बळीरामदादांनी मशीनच्या डब्यावर हात ठेवून पाहिला. चांगलाच तापला होता.

"सर," ते म्हणाले, "टेम्पोत ट्रेलरचा माल भरलाय तुमी. यो मानकोली नाक्यापर्यंत बी जायाचा न्हाय!"

*

दुसरी सिस्टीम त्याहून लहान होती, पण फार शिस्तीची. काहीही करायला गेलं की पासवर्ड विचारायची. तारीख बदलायची? पासवर्ड. प्रिंटर लावायचा? पासवर्ड.

दादांना ते पटेना. "घर तुमचं, मशीन तुमची, आन् परवानगी कोनाची मागतावं?"

मी म्हटलं, "माझीच."

"मंग तुमी समोरच बसल्याव ना!"

तरी एकदा त्यांनीच टाइप करायला घेतलं. काळ्या खिडकीत पासवर्डची अक्षरं दिसतच नाहीत, साधे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. दादांना वाटलं, कीबोर्ड बिघडला. त्यांनी एकेक बटण ठासून दाबलं. तरी काही नाही. मग कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून शेवेचे तुकडे पडले, पण अक्षर एकही आलं नाही.

इक्बालभाई हसत म्हणाले, "दादा, आप डालते जाओ. दिखता नहीं है, मगर उसको सब पहुँचता है."

दादांनी हात थांबवले आणि अगदी मनापासून विचारलं, "म्हंजे देवासारखं?"

त्यानंतर ते पासवर्ड टाकण्याआधी चप्पल काढून बसायचे. चेष्टेत की खरं, हे मी कधी विचारलं नाही.

*

आमच्या मशीनला तीही सिस्टीम पेलवेना. मी नाद सोडत आलो होतो. अशात एका दुपारी घरचा फोन वाजला. मी शाळेत होतो. मीनाने उचलला. पलीकडे इक्बालभाई, आनंदाने नुसते फुललेले.

"भाभी, सर को बोलना, पपी मिल गया! बिल्कुल छोटा है, एकदम हल्का. आपके पुराने वाले में भी आराम से रहेगा. शाम को लेके आता हूँ!"

मीनाला लहानपणी कुत्रा चावलेला. मी घरी आलो तर ती दारातच उभी.

"तुम्ही आणि ते इक्बालभाई, काय ठरवलंय मला ठाऊक नाही. पण ते पिल्लू या उंबऱ्याच्या आत येणार नाही. वरच्या मजल्यावर फ्लॅट आपला, त्याला फिरवून कोण आणणार?"

मला काहीच कळेना. तेवढ्यात इक्बालभाई जिना चढून वर आले. हातात पिशवी नाही, दोरी नाही, फक्त एक सीडी. पपी हे त्या लिनक्सचं नाव होतं! खुलासा झाल्यावर ते पोट धरून हसले. "भाभी, फिकर मत करो. ये पपी न खाता है, न काटता है, न भौंकता है!"

सीडी आत गेली. बघता बघता स्क्रीनवर चित्र आलं. माउस हलवला तर बाण हाताबरोबर धावला. मी टाळी वाजवणार, इतक्यात स्पीकरमधून आवाज आला.

"भो! भो!"

सिस्टीम बनवणाऱ्याने हौसेने सुरुवातीलाच भुंकणं घालून ठेवलं होतं!

मीना कंबरेवर हात ठेवून इक्बालभाईंकडे बघत राहिली. "न भौंकता है?"

*

पण हा पपी घरात राहिला तो मीनामुळेच. भिवंडीत तेव्हा लोडशेडिंग रोजचंच. लाइट गेली की सगळ्यात आधी कळायचं ते कानांना. गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमची खडखड एकदम थांबायची, आणि त्या शांततेत आमचा यूपीएस कुंई कुंई करायला लागायचा. तो यूपीएस नावाचाच. आधीची सिस्टीम बंद व्हायला निघायची, "कृपया थांबा" म्हणायची आणि म्हणता म्हणताच मरायची. पुन्हा लावली की रुसलेली.

पपी आल्यावर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा मीना एका सरांचा प्रबंध टाइप करत होती. लूम थांबले. मी दुसऱ्या खोलीतून धावत आलो. येईपर्यंत तिने फाइल सेव्ह केली होती आणि मशीन शांतपणे बंदही झालं होतं. यूपीएस अजून कुंई कुंई करतच होता.

मीनाने खुर्चीवर मागे टेकून मोठा श्वास घेतला. कितीतरी महिन्यांनी मी तिचा चेहरा असा सैल पाहिला.

"बरं वाटलं हो," ती म्हणाली. "घरात एक तरी आहे, जे सांगितल्यावर लगेच ऐकतं!"

*

एक गोष्ट मात्र जमेना, इंटरनेटचा मोडेम. इक्बालभाईंनी सगळे उपाय केले. शेवटी त्यांच्या दुकानातून मी पपीवाल्यांच्या फोरमवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! न्यूझीलंडचा कुणी गृहस्थ. ना ओळख ना पाळख, पण त्याने एकेक पायरी लिहून पाठवली होती. वर धीरही दिला होता, घाबरू नका, माझाही मोडेम असाच हट्टी होता म्हणून.

त्याने सांगितलं तसं केलं आणि मोडेम किरकिरत, शिट्ट्या मारत जोडला गेला. त्या कर्कश आवाजाचा इतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता.

मीना म्हणाली, "त्यांना लिहा, भिवंडीला आलात तर आमच्याकडे जेवायला या."

मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "नक्की येईन. जेवायला काय असेल?"

दादा पुढे सरकले. "त्यास्नी सांगा, खाडीच्या निवट्या! माजी बायको करंल." आता निवट्यांना इंग्रजीत काय म्हणतात, कुणाला ठाऊक! मी लिहिलं, चिखलात उड्या मारणारा मासा, आमच्या खाडीत मिळतो, फार चविष्ट.

दोन दिवसांनी उत्तर आलं.

"निमंत्रणाबद्दल आभार. मी शाकाहारी आहे."

*

हे लोक फुकट का करतात, हा प्रश्न मीनाला नेहमी पडायचा. कुणी सिस्टीम लिहितो, कुणी ती दुरुस्त करतो, कुणी आमच्यासारख्यांना उत्तरं देतो. "यांना मिळतं काय?" तिने एका रविवारी विचारलं.

मी सरांच्या थाटात समजवायला गेलो. दादांनी मला थांबवलं.

"वयनी, आमच्या गावात लगीन असलं का समदा गाव राबतंय. कोन मांडव घालतंय, कोन पानी भरतंय, बाया तांदूल निवडत बसताव. त्यास्नी काय मिलतं?"

मीना म्हणाली, "जेवण!"

दादा विचारात पडले. "मंग त्या न्यूझीलंडवाल्याला वरणभात तरी सांगायचा व्हता, सर!"

*

आणि आता बायजाआत्याचं सांगतो.

बायजाआत्या ही बळीरामदादांची आत्या, अंजूरलाच राहणारी. ती धवलारीण. आगरी लग्नात विधी लावताना धवले गाणारी बाई. तिची जोडीदारीण हिरूबाई. दोघी जन्मभर जोडीने गायल्या, एक ओळ हिरूबाईची, पुढची आत्याची. हिरूबाई गेली आणि आत्याने गाणं सोडलं. लग्नाची बोलावणी यायची, ती नाही म्हणायची. "एकटीचा धवला नस्तंय," एवढंच.

हिरूबाई असताना दादांनी घरच्या कॉम्प्युटरवर माइक लावून एक धवला भरून ठेवला होता. त्या दिवशी आत्याचा घसा बसला होता, म्हणून हिरूबाई एकटीच आपल्या वाट्याच्या ओळी गायली. पुढे तो कॉम्प्युटर बंद पडला. सुरूच होईना. एका दुकानदाराने सांगितलं, सगळं पुसावं लागेल. दादांनी मशीन तसंच झाकून ठेवलं. त्यात काय अडकलंय ते त्यांनी आत्याला कधी सांगितलं नाही. आम्हालाही नाही.

दादांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा एका रविवारी ते बोलले. बोलताना खाली बघत होते. "पोरीच्या हलदीला आत्या गाणार न्हाय. मना फक्त त्यो आवाज पायजे व्हता."

इक्बालभाईंनी चहा अर्धा ठेवला. "चलो, अभी चलो. कुछ पोंछना नहीं है. डिस्क को हाथ भी नहीं लगाएँगे."

आम्ही तिघं अंजूरला गेलो. इक्बालभाईंनी पपीची सीडी घातली. मशीन डिस्कला न विचारता सीडीवरूनच उठलं. मग त्यांनी हळूच डिस्क उघडली. फोल्डर दिसायला लागले. दादा पडद्याला नाक लावून बघत होते. "त्यो! त्यो बगा, हिरूमावशी!"

इक्बालभाईंनी आधी फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, मगच उघडली.

खरखर झाली, कुणीतरी खोकलं, बाहेर कोंबडा ओरडला आणि हिरूबाईचा आवाज खोलीत आला. उंच, थोडा चिरका, अगदी जवळचा.

आत्या मागच्या पडवीत भाजी चिरत होती. ती हातात विळी तशीच घेऊन दारात आली. विळी खाली ठेवली. कुणाकडे न बघता पुढे आली आणि कॉम्प्युटरसमोर जमिनीवर बसली.

हिरूबाईची ओळ संपली. पुढे काहीच नाही, नुसती खरखर. इक्बालभाईंना वाटलं, फाइल इथेच खराब झाली. त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी माउसकडे हात नेला.

आत्याने त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर नीट केला.

"थांब रं, भावा," ती म्हणाली. "आता माजी पाली हाय."