ग्रुप फोटोतली खालची रांग

आमच्या गावच्या तालमीची नवी इमारत झाली, तेव्हा कमिटीने एक जुना ग्रुप फोटो माझ्याकडे सांगलीला पाठवला. त्यावरून भिंतीवर लावायला मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, करून हवं होतं. खुर्च्यांवर फेटेवाले बागायतदार, मागे पैलवान, आणि खाली अगदी कडेला जमिनीवर माझे अब्बा. जन्मभर तालमीच्या हौद्यातली, कुस्तीच्या आखाड्यातली, माती खणणारे. फोटोत त्यांनी मान खाली घातलेली. तोंडाच्या जागी नुसता काळा डाग.

मेझोटिंटचं काम काळोखातून सुरू होतं. तांब्याच्या पत्र्यावर दातेरी पातं डुलवत डुलवत सगळा पत्रा खरखरीत करायचा. तसाच छापला तर मिट्ट काळा उमटतो. मग जिथे हवं तिथे खरवडून, घासून गुळगुळीत करायचं, की तिथे शाई टिकत नाही आणि उजेड पडतो. अब्बा माझ्याकडे आले होते, ते बघत बसायचे. "ह्यो बी हौदा खणायचाच धंदा हाय की," म्हणाले.

कमिटीचे अध्यक्ष काम बघायला आले. "ताई, फेटे झळकू द्या. खालची मान्सं अंधारात ऱ्हायली तर काय बिघडतंय?"

माझं डोकंच फिरलं. "बघते," एवढंच म्हणाले, आणि ते जाताच आधी अब्बांचं तोंड घ्यायला बसले. फोटोत काहीच दिसत नव्हतं, म्हणून अब्बांना खिडकीशी बसवलं आणि सुरकुत्या वगळत, बघून बघून कपाळ काढलं, नाक काढलं, कुस्तीत मोडलेला कान काढला. फेट्यांना बेताचाच उजेड दिला. सूडच तो, नाही कशाला म्हणू?

उद्घाटनाला सगळी गर्दी चित्रातल्या त्या कडेच्या माणसापाशी. नव्या ग्रुप फोटोच्या वेळी अध्यक्षांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "आवं चाचा, तुमी हितं बसा." अब्बा बसले. मला रडू आवरेना.

फोटोग्राफरने हात वर केला, तोच अब्बा उठले. खाली कडेला, हल्ली माती खणतो तो चाळिशीचा गडी मान खाली घालून बसला होता. त्याच्याशेजारी ते मांडी घालून बसले. मला भयंकर राग आला. एवढं घासलं ते कशासाठी? पण अब्बांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या माणसाची हनुवटी वर उचलत होते.

"मान वर कर गड्या," ते म्हणाले. "न्हाईतर मागनं पोरींस्नी लय घासाय लागतंय."