पहिला फटका
वेदनाशामक स्प्रेचा वास आला की सातिवलीच्या नाक्यावरची ती सकाळ आठवते. मी मॅरेथॉनची बातमी करायला उभा होतो. वर्षभरापूर्वी पाण्याच्या टँकरखाली नवरा गेलेली एक शिक्षिका रुग्णवाहिकेच्या निधीसाठी धावत होती. टी-शर्टवर त्याचा फोटो होता. स्वयंसेवक तिच्या पोटरीवर स्प्रे मारत असताना एक टँकर बांबूचा अडसर मोडून आत घुसला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. "बाई, ब्रेक लागलाच नाही," म्हणत चालक खाली उतरला. तिने मोडलेला बांबू उचलून त्याच्या तोंडावर हाणला. मग वीसेक जण त्याच्यावर तुटून पडले. त्याचे दोन दात डांबरावर पडले. एकाने दगड उचलला, तशी तीच चालकाच्या अंगावर आडवी झाली. "सोडा, मरेल तो!" "काकी, बाजूला व्हा, तुमच्यासाठीच मारतोय ना!" "माझ्यासाठी नको रे!" दगड तिच्या खांद्यावर बसला, तेव्हा हात थांबले. चालक वाचला, तिच्या टी-शर्टवरच्या फोटोवर त्याचं रक्त होतं. बातमीत मी 'संतप्त जमावाची मारहाण' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "पहिला फटका माझा होता, ते का नाही लिहिलंत?" तो खुलासा मी आजवर छापलेला नाही.