बटणानं उचललेलं शिंग

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस पळत मागं. गेल्या वर्षी एका पेठेतल्या मंडळाला वाटलं, यंदा मोठ्या पडद्यावरही एक म्हैस पळवावी. ती त्यांच्याच गल्लीतल्या गवळ्याची, पावसाळ्यात मेलेली. मी संगणकावर मूर्ती घडवतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

गवळ्यानं मोबाइलमधले फोटो दिले. म्हणाला, "पावणं, एकदा पळताना बघायचीया तिला. बास."

आठ दिवस खपून मी सुरकुतीन् सुरकुती घडवली. अशा मूर्तीत लाखो बारीक तुकडे असतात. तिला पळवायची तर वर चौकोनांची सुटसुटीत जाळी नव्यानं विणावी लागते. हातानं तीन दिवस. ऑटो रिटोपॉलॉजीचं, म्हणजे जाळी आपोआप विणायचं, बटण दाबलं की दोन मिनिटं. हातानं विणणाऱ्यांना मी खुळ्यात काढत असे. शिकवणीच्या व्हिडिओत कुणी परदेशी बाबा हसत हसत बटण दाबतो आणि त्याचा ड्रॅगन तयार होतो. ड्रॅगनचा मालक काही बघायला येत नाही.

बटणाशेजारी सिमेट्रीची खूण होती, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. राहू दिली. जाळी इतकी देखणी आली की मी स्वतःवरच खूश. तिच्यात हाडं बसवली, चाल बसवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गवळी बघायला आला. पडद्यावर म्हैस पळाली.

"म्हस झ्याक हाय," तो म्हणाला. "कुणाची?"

"तुमचीच की!"

"माझीचं डावं शिंग खाली पडल्यालं. गल्लीच्या टोकावरनं वळखू यायची."

मी फोटो उघडले. प्रत्येक फोटोत शिंग खाली. माझ्या मूळ मूर्तीतही खालीच, मीच घडवलेलं. बटणानं ते उजव्यासारखं वर नेलं आणि मला पत्ता नाही. तरी माझा तोरा बघा. "सॉफ्टवेअरनं तेवढं नीट केलंय," असं मी बोलून गेलो.

"सॉफ्टवेअरनं तिला कवा बघितल्याली?"

शिंग ओढून खाली आणायला गेलो तर जाळीचा गुंता झाला. नव्यानं विणायची तर हाडं, चाल सगळं पहिल्यापासून, आणि पाडवा उद्यावर. माझं तोंड बघून त्यालाच दया आली. "असू द्या. पोरांचा सण हाय, हीच पळवा." मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पडद्यावर पळाली. शिट्ट्या पडल्या. जन्मभर त्याच गल्लीत राहिलेल्या अध्यक्षांनी "हुबेहूब!" म्हणत माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी गवळ्याकडं बघितलं. दुसऱ्याची म्हैस चांगली पळाली की वाजवतात, तशा तो टाळ्या वाजवत होता.